माझ्या दंडाचं माप

त्या पोरानं माझ्या दंडावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाला, "बाबा, हे देवीचे वण नाईत. हा बिब्बा हाय."

एवढंच झालं. बुलढाण्याच्या एस.टी. स्टँडवर, सकाळी साडेआठला, चिखलीच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या पंचवीस-तीस माणसांसमोर. फाल्गुन चालू होता. आमच्या मागच्या गल्लीत एका हलवायाकडे आलेल्या पाहुण्याला देवी निघाल्या होत्या, म्हणून स्टँडवर टेबल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला लस टोचणं सुरू होतं. मी गाडीसाठी गेलो नव्हतो. निवृत्त झाल्यापासून मी रोज तिथं चहा घ्यायला आणि हॉटेलातला पेपर वाचायला जातो. रांग पाहून मला मजा वाटत होती. रांगेत उभी राहिली की माणसं काय होतात ते मला जितकं माहीत आहे तितकं कोणाला नसेल. एक वकील आपल्याला कालपासून ताप असल्याचं सांगत होता. एक मास्तर विचारत होता, डाव्या दंडावर टोचलं तर उजव्यानं लिहिता येईल ना. एक बाई बाहीच वर जात नाही म्हणून दाखवत होती. घाबरलेल्या माणसाची लाज जाते आणि अक्कल तर आधीच गेलेली असते. अठ्ठावीस वर्षं मी हे पाहिलं. तोंडं मला आठवत नाहीत, नुसते दंड आठवतात. लुकडे, गुबगुबीत, मळके, बांगड्यांनी घट्ट झालेले. मी त्या टेबलापाशी गेलो तो टोचून घ्यायला नाही, त्या पोराला काम शिकवायला.

"दंड कचकून धर बे त्याचा. सुई नाचून राह्यली तुझी."

"तुमी कोन, बाबा?"

"तुझ्या खात्यात अठ्ठावीस वर्सं काढली म्या. तुझ्या बापाच्या देवी आमीच काढल्या असतील."

"मंग तं तुमची पक्की असन. पाहू द्या." पोरगं हसत होतं. त्याचं नाव इंद्रभान, हे मला नंतर कळलं. मी बाही वर केली ती ऐटीत केली. माझ्या दंडावर दोन डाग आहेत, खाली-वर, चवलीएवढे. ते मी आयुष्यभर लोकांना दाखवत आलो आहे. त्यावर त्यानं अंगठा फिरवला. मग स्वतःचा शर्ट सारून आपला दंड माझ्यापुढं धरला. "खरी देवी लागली का वण खोल जाते. आत जाळी पडते, कातडी पांढुरकी होते. हे पाहा. तुमचं काळं हाय अन् गुळगुळीत. बसा, आता टोचून देतो." रांगेतला ताप आलेला वकील मोठ्यानं म्हणाला, "सरकारी म्हातारा बिब्ब्याचा निंघाला!" आणि सगळी रांग हसली. मी बाही खाली ओढली आणि चालू लागलो.

घर दहा मिनिटांवर आहे. त्या दहा मिनिटांत मी त्या पोराला काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मिसरूड फुटलेलं नाही, हातात नवी दोन टोकांची सुई दिली आहे, पंधरा टोचे मारतो आणि स्वतःला डॉक्टर समजतो. आमच्या वेळी काय होतं याला काय ठाऊक? आमच्या वेळी लस काचेच्या नळीतून यायची, उन्हानं मरायची. मातीच्या मडक्यात नळ्या, मडक्याभोवती ओलं फडकं, आणि ते मडकं डोक्यावर घेऊन गावोगाव मी. महादेवराव सायकलवर पुढं, मी पायी मागं. महादेवराव म्हणजे आमचा व्हॅक्सिनेटर, लोकांच्या भाषेत देवीचा डॉक्टर. मला अक्षर येत नव्हतं. म्हणून वाटणी अशी झाली की महादेवराव पाटलाच्या ओट्यावर वही उघडून बसायचा आणि मी रांगेतून फिरायचो. एकेका पोराची बाही वर करायची, खूण नसेल तर पोर त्याच्यापुढं ढकलायचं, खूण असेल तर ओरडायचं, "निशाण हाय!" की तो तिथूनच लिहायचा, पूर्वी काढलेली. तो मान वर करत नसे. मी पाहायचो आणि तो लिहायचा. पहिल्याच गावाला मी विचारलं होतं, "खूण कशी असते, साहेब?" तो वहीत डोकं घालून म्हणाला होता, "तुझ्या दंडावर आहे ना? तशी."

मी रस्त्यात थांबलो. कोर्टाच्या भिंतीपाशी, जिथं अर्ज लिहिणारे बसतात. एकानं विचारलं, "काही लिहायचं का, बाबा?" मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं दौत जवळ ओढून घेतली.

तशी. अठ्ठावीस वर्षं मी तशी शोधत होतो. एखाद्या पोराच्या दंडावर फिकी, जाळीची, खोलगट खूण दिसली की मला शंका यायची. ही नीट लागलेली दिसत नाही, असं वाटून मी ते पोर पुन्हा टोचायला ढकलायचो. आणि काळी, गुळगुळीत, गोल खूण दिसली की माझं मन निवायचं. माझ्यासारखीच. पक्की. मी ओरडायचो. ज्यांना झालेलं होतं त्यांना मी पुन्हा टोचवलं आणि ज्यांना कधीच झालं नव्हतं त्यांना हसून घरी पाठवलं. आणि देवी निघालेल्या घरात, जिथं खुद्द महादेवराव उंबऱ्यावर थांबायचा, तिथं मी आत जायचो. कडुनिंबाचा पाला, बंद खिडकी, त्या अंगाचा तो वास, जो एकदा नाकात गेला की जन्मभर जात नाही. मी पोरं उचलून बाजूला ठेवायचो. घरच्यांना म्हणायचो, "भ्याडांनो, पाहा, मले काही होते का?" महादेवराव दर दोन-तीन वर्षांनी म्हणायचा, "उकंडा, तुझीही पुन्हा काढून घेऊ." मी म्हणायचो, "माही काळ्या दगडावरची रेघ हाय, साहेब." मी शूर नव्हतो. दरीच्या काठानं चालणारा आंधळाही असाच छाती काढून चालतो.

उकंडा हे नाव आईचंच. माझ्याआधीची तीन गेली होती, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं. असलं घाणेरडं पोर देवी कशाला नेईल? माझ्या आईनं देवीला नावानं फसवलं आणि सरकारला बिब्ब्यानं. नुसती मूर्ख असती तर परवडलं असतं, पण बाई हुशार निघाली.

घरी आलो तेव्हा माझी बायको, मनकर्णा, अंगणात तूर पाखडत होती. नात तिच्याजवळ बसून फोलातून डाळ वेचत होती. पुष्पी, चार वर्षांची. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलगा खामगावला जिनिंगमध्ये, म्हणून ती आमच्याकडं. मी बाही वर केली.

"हे काय हाय?"

"दंड हाय तुमचा."

"हे डाग कायचे हायेत?"

मीठ खारट का, असं विचारल्यासारखं तिनं माझ्याकडं पाहिलं. "बिब्ब्याचे. तुमच्या मायनं टेकवले. लग्नाच्या सालीच मले सांगतलं तिनं, अन् शिकवलं बी. सुई तापवाची, बिब्ब्यात खुपसाची, तेल सुटलं का टेकवाची. दोन डाग, खालवर. मंग देवीचा डॉक्टर लेकराले हात नाई लावत."

"कोनाकोनाले माहीत व्हतं हे?"

"गावातल्या समद्या बायाईले."

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी सरकारचे मानूस."

ती पाखडतच होती. सुपाचा आवाज थांबला नाही. चाळीस वर्षं ही बाई माझ्या शेजारी झोपली, माझा सरकारी कोट दर रविवारी धुतला, आणि तिच्या लेखी मी सरकारचा माणूस होतो, ज्याच्यापासून लेकरं वाचवायची. मी पुष्पीला जवळ ओढलं. तिच्या झग्याची बाही फुग्याची, ती वर सारली. दोन डाग. खाली-वर. माझ्यासारखेच. तिच्या कोवळ्या दंडावर ते जास्तच काळे दिसत होते.

"काल गल्लीत ते लसवाले आले व्हते," मनकर्णा म्हणाली. "हिचे डाग पाह्यले अन् गेले. ज्याईच्या दंडावर काईच नाई त्याईले आधी, म्हने."

हलवायाचं घर आमच्या मोरीच्या भिंतीला लागून आहे. काल संध्याकाळी पुष्पी तिथं बत्तासे घ्यायला गेली होती. मी मनात दिवस मोजायला लागलो. बारा दिवस, चौदा दिवस. देवीचा विषार अंगात शिरल्यापासून ताप यायला तेवढे लागतात, आणि चार दिवसांच्या आत लस टोचली तर लस पुढं पळते, हे मला महादेवरावनंच सांगितलं होतं. तेव्हा मी ऐकल्यासारखं केलं होतं.

"उठ. हिले टोचून आनू."

"नाई."

"मूर्ख बाई, बाजूच्या घरात माता हाय!"

"असू द्या. तुमच्या लशीनं काय होते? सात लेकरं गेली गावात, तवा तुमीच तं ओट्यावर बसून सांगत व्हते, महादेवरावची लस म्हंजे नुसतं पानी, उन्हानं मेलेली. वीस वर्सं तेच आयकलं म्या. पान्यासाठी लेकराचं अंग कायले टोचू देऊ?"

ही माझीच वाक्यं होती. माझ्याच आवाजात म्हणून दाखवली तिनं.

एकोणपन्नास सालचा चैत्र. माझं स्वतःचं गाव. वहीत सातही पोरं 'पूर्वी काढलेली' होती आणि पंधरा दिवसांत सातही गेली. त्यात माझ्या भावाची, शेषरावची, धाकटीही. वरून साहेब आला, खुर्ची टाकून चौकशीला बसला. महादेवराव म्हणाला, "मी या पोरांना टोचलंच नव्हतं, खुणा आधीच्या होत्या." साहेब हसला. "आठ वर्षं हा भाग तुझ्याकडे. मग खुणा काय आकाशातून पडल्या?" मला बोलावलं. खुणा होत्या का? हाव साहेब, होत्या, चांगल्या पक्क्या. मग साहेबानं विचारलं, मडक्यावरचं फडकं ओलं होतं का? फडकं ओलं होतं. त्या साली मी ते स्वतः दर विहिरीवर भिजवत होतो, माझं गाव म्हणून जास्तच. पण साहेबाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला कळलं की ज्यानं फडकं भिजवलं त्याचंही नाव आता कागदावर येणार. मी म्हणालो, "ते महादेवरावले माहीत." एवढंच म्हणालो. खोटं बोललो नाही. माझ्यासारखी माणसं खोटं बोलतच नाहीत, तेवढंही धाडस त्यांच्यात नसतं. मेलेली लस टोचली, नुसते ओरखडे राहिले, असा निकाल झाला. महादेवरावची नोकरी गेली. मी अंगठा उठवला.

पुढं सेहेचाळिसाव्या वर्षी मी अक्षर शिकलो. ऑफिसात कारकून हसायचे, मी शिकलो. आणि पाटीवरची, दुकानांवरची अक्षरं संपल्यावर मी पहिलं सलग काय वाचलं, तर कपाटातलं ते चौकशीचं बाड. दोन दिवस लागले. शेवटी माझी जबानी होती. 'फडके ओले होते किंवा कसे, हे लसवाल्यासच ठाऊक.' खाली माझा अंगठा, निळा, सगळ्या रेषा स्पष्ट. मी बाड बांधलं आणि होतं तिथं ठेवलं. त्यानंतर महादेवरावला शिव्या देणं मी वाढवलं. चोर होता, आळशी होता, सायकलवर फिरायचा. ज्याचं आपण वाईट केलं तो माणूस वाईट असावाच लागतो, नाहीतर जेवण जात नाही.

"लस चांगली व्हती," मी म्हणालो.

सूप थांबलं.

"फडकं ओलं व्हतं. म्या सोता भिजवलं व्हतं. त्या सात जनाईले कोनी टोचलंच नव्हतं. तुमी बायाईनं बिब्बा टेकवला अन् म्या 'निशाण हाय' म्हनून ओरडलो. महादेवरावचा काई दोष नव्हता."

मनकर्णानं माझ्या दंडाकडं पाहिलं. पुष्पीनं सुपातली डाळ मुठीत घेतली, तरी तिनं तिला रागावलं नाही. मग म्हणाली, "शेषभाऊजीच्या धाकटीचे डाग म्या टेकवले व्हते." आणि पुढं, "लई रडली व्हती. म्या म्हनलं, उगी उगी, आता तुले काई व्हत नाई."

तिला म्हणायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. अडाणी, बिब्बेवाली, लेकरं खाणारी. त्यातलं एकही तिला म्हणालो असतो तर ते आधी मला लागू झालं असतं. तिनं सूप भिंतीला टेकवलं, हात झटकले, पदर खोचला आणि पुष्पीला कडेवर घेतलं.

"चला," ती म्हणाली.

स्टँडवर इंद्रभाननं आम्हाला पाहिलं पण हसला नाही. मी त्याला सांगितलं, आमच्या गावच्या सगळ्या बाया-लेकरांचे दंड तपास, काळे डाग दिसले तर सोडू नको. तो वही उघडून बसला. "पयली का पुन्हा?"

"पयली."

"पोरीची पयली. अन् तुमची?"

"माही बी पयली."

"वय?"

"एकसष्ट."

त्यानं लिहिलं. तो लिहीत असताना मी वाकून वाचलं. नीट लिहिलं होतं. मनकर्णानंही दंड पुढं केला, तिचेही डाग तसेच होते. संध्याकाळी मुलाला खामगावला कार्ड टाकलं. 'दंड दाखवू नकोस. टोचून घे.' दुसरं काही लिहिलं नाही.

ज्याच्या अंगाला खऱ्या लशीची ओळख असते त्याला नवी लस दोन दिवस खाजते आणि विझते. ज्याच्या अंगाला ओळखच नसते त्याचं अंग पहिल्यापासून धडा घेतं. तिसऱ्या दिवशी माझ्या दंडावर लाल गाठ आली, पाचव्या दिवशी पाणी भरलं, सातव्या दिवशी मोत्यासारखा फोड, मध्ये बेंबीसारखा खळगा, भोवती सगळा दंड तापलेला. काखेत गाठ. ताप आला. एकसष्ट वर्षांचं अंग चार वर्षांच्या पोरीबरोबर एकाच इयत्तेत बसलं होतं. पुष्पी रोज सकाळी आपला दंड माझ्या दंडाला लावायची.

"आबाजी, तुमचा मोठा का माहा?"

"माहा."

"काऊन?"

"म्या उशिरा घेतला म्हनून."

ती खूश व्हायची. तापात मला तो वास यायचा, बंद खोलीतला, पाल्याचा, आणि सात तोंडं दिसत नव्हती, सात दंडच दिसत होते, कारण मी तोंडं पाहिलीच नव्हती. हलवायाचा पाहुणा दहाव्या दिवशी दगावला. त्याच्या घरातल्या, आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. सगळ्यांना टोचलं होतं. लोक म्हणाले, देवी प्रसन्न झाली. म्हणू द्या. लोकांना श्रेय द्यायला नेहमी असं कोणीतरी लागतं ज्याला पगार द्यावा लागत नाही.

पण मी आठव्याच दिवशी, खपली धरायच्या आत, देऊळगाव राजाची वाट धरली होती. फोड भरलेला असतानाच दाखवायचा होता. खपलीवर कोणीही काहीही म्हणू शकतं.

महादेवराव बालाजीच्या देवळामागं पुतण्याच्या घरी राहतो हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं ठाऊक होतं. तो ओट्यावर बसून कुंकवाच्या पुड्या बांधत होता. कागदाचे चौकोन एका बाजूला, तयार पुड्या दुसऱ्या बाजूला, बोटं लाल. पूर्वीसारखीच मान खाली. मी पायरीपाशी उभा राहिलो.

"उकंडा का रे?" तो मान वर न करता म्हणाला. "चालण्यावरून ओळखलं. मडकं डोक्यावर असल्यासारखा अजून चालतोस."

गाडीत मी पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि बाही वर केली. त्यानं चष्मा लावला, माझा दंड उजेडाकडं वळवला.

"किती दिवस?"

"आठ."

"छान लागली आहे," तो म्हणाला. पाटलाच्या ओट्यावर बसून आया-बायांना म्हणायचा त्याच आवाजात. मग त्याचा अंगठा खाली सरकला, त्या दोन डागांवर आला आणि तिथं थांबला.

"बिब्बा," मी म्हणालो. "मायनं केला. गावातल्या समद्या पोराईचा तसाच. म्या माप माह्या दंडावरून घेत व्हतो."

देवळात कोणीतरी घंटा वाजवली. त्याचा अंगठा माझ्या दंडावरच होता.

"अन् फडकं ओलं व्हतं, साहेब. म्या सोताच्या हातानं भिजवलं व्हतं."

"मला ठाऊक आहे," महादेवराव म्हणाला. "मी प्रत्येक गावात मडक्याला हात लावून पाहायचो."

म्हणजे तो वीस वर्षं जाणून होता. मी साहेबापुढं काय गिळलं ते त्याला त्या क्षणीच कळलं होतं. मला वाटलं, आता तो शिवी देईल. मला शिवी पाहिजे होती. थुंकला असता तरी चाललं असतं, मी त्यासाठीच दोन गाड्या बदलून आलो होतो. मी माणसांना आयुष्यभर जे दिलं त्यातलं थोडं तरी मला परत मिळायला पाहिजे होतं. त्यानं अंगठा उचलला. माझ्या काळ्या डागांवर कुंकू लागलं होतं.

"मान वर करायला पाहिजे होती मी," तो म्हणाला. मला म्हणाला नाही, त्या पुड्यांना म्हणाला. मग नवा कागद घेतला. "खाजवू नको. बाही खाली घेऊ नको, वारा लागू दे." आणि पुडी बांधायला लागला.

मी उठलो. परतीच्या गाडीत गर्दी होती. शेजारच्या बाईनं माझ्या दंडाकडं पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि मांडीवरचं लेकरू पलीकडं सरकवून घेतलं. पुढच्या बाकावरचा एकजण मागं वळून म्हणाला, "ओ बाबा, झाका नं ते. उलटी व्हईन मानसाले."

मी बाही खाली केली नाही.